घर पाहिजे, वडिलांसह

बंगळूरला घर मिळत नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. घरं मिळतात. मल्लेश्वरमला मिळतात, बसवनगुडीला मिळतात, आणि जयनगरात तर रस्ते व्हायच्या आधी घरं झालेली आहेत. मिळत नाही ते म्हाताऱ्या माणसासकट घर. ही गोष्ट उमाकांत देवपुजारी यांना नागपूर सोडण्याआधी कुणी सांगितली नाही. नागपूरकरांनी जे काही सांगितलं ते सगळं हवेबद्दल होतं. वैशाखातसुद्धा पांघरूण लागतं, हे इतक्या जणांनी बजावलं की बिऱ्हाडाच्या सामानात भांड्यांपेक्षा रजया जास्त झाल्या. सांगणाऱ्यांत दक्षिणेला सर्वांत लांब गेलेला गृहस्थ वाडी जंक्शनवर गाडी चुकून परत आला होता.

बदली उमाकांतांच्या पत्नीची, शारदाबाईंची, होती. बढतीही त्यांचीच. टेलिफोन खात्यात त्या तपासनीस होत्या, आणि १९५९च्या दिवाळीनंतर त्यांची नेमणूक बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या वाटेवरच्या टेलिफोन कारखान्यात झाली. उमाकांत विम्याचे एजंट. "विम्याचं काय," अप्पासाहेब म्हणाले, "माणसं मरतात तिथे कुठेही विकता येतो." अप्पासाहेब हे उमाकांतांचे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. त्यांना ही बदली पसंत होती. आळीला नव्हती. बायकोच्या नोकरीपायी नवऱ्यानं गाव सोडायचं, हे तिथे नवीन होतं. निरोप द्यायला आलेल्यांनी शारदाबाईंच्या हातात नारळ ठेवला आणि उमाकांतांच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात एरवी सुतकात फिरवतात.

शारदाबाई पुढे जाऊन रुजू झाल्या आणि हलसूरच्या एका महिला वसतिगृहात राहिल्या. तिथे नवऱ्यांना फक्त रविवारी, फक्त व्हरांड्यात आणि फक्त बाकावर बसता येत असे. घर शोधायचं काम उमाकांतांकडे आलं. अट एकच होती, अप्पासाहेबांना मागे ठेवायचं नाही. तशी मागे ठेवायला जागा होती. इतवारीत चुलत भावाच्या दुकानामागे एक खोली होती, तिच्यात तेलाचे रिकामे डबे ठेवत. "काकांना ठेवा की," भाऊ म्हणाला होता, "डबे एका अंगाला सारू." शारदाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं. "मामंजी त्या डब्यांत राहणार असतील तर मी राजीनामा देते." घर त्यांच्या पगारावर चालत होतं. त्यामुळे या वाक्यावर फारशी चर्चा न होता अप्पासाहेबांचं तिकीट काढण्यात आलं.

बापलेक उतरले चामराजपेठेत, हणमंतरावांकडे. हणमंतराव मूळचे निपाणीकडचे, सरकारी कचेरीत कारकून, कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत सारखेच परोपकारी. त्यांची उमाकांतांशी ओळख एका विमा परिषदेत जेवणाच्या पंगतीत झाली होती आणि तेवढ्या भांडवलावर, चार दिवसांसाठी, दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं आणि सगळ्या रजया येऊन पडल्या. तुंगाबाई, म्हणजे हणमंतरावांच्या पत्नी, कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं कॉफीत होतं. सुरुवातीला पेला काठोकाठ येई. मग कॉफी एक बोट खाली गेली, मग दोन बोटं. उमाकांत रोज सकाळी पेल्यात वाकून पाहत आणि चपला घालून घर शोधायला निघत.

सल्ल्याला तोटा नव्हता. संध्याकाळी हणमंतरावांच्या कट्ट्यावर गल्लीतली चार माणसं जमत आणि बंगळूरची वाटणी करत. मल्लेश्वरमला संगीत आहे पण पाणी नाही. बसवनगुडीला पाणी आहे पण रोज सकाळी शेजारी मोठ्यानं स्तोत्रं म्हणतात. जयनगर उत्तम, फक्त संध्याकाळनंतर कोल्ही येतात. के. आर. पुरम कारखान्याला जवळ, पण ते गाव, बंगळूर नव्हे. कँटोन्मेंटबद्दल कुणी बोलायला तयार नव्हतं. तिथे अंडी उघड्यावर विकतात एवढीच माहिती मिळाली. एक गृहस्थ देवनहळ्ळीला राहण्याच्या बाजूचे होते, कारण तिथे त्यांचा एक पडीक वाडा विकायचा होता.

"तुमी घाबरू नका वो," हणमंतराव म्हणाले. "मी सोबत येतो. मालकानं कानडीत नाही म्हटलं तर मराठीत तरी कळायला पाहिजे की तुमाला."

पहिला नकार मल्लेश्वरमला मिळाला. घर सुंदर होतं, अंगणात फणस होता. मालकीणबाईंनी उमाकांतांची जात विचारली, सूत्र विचारलं, कांदा विचारला. सगळं पसंत पडलं. मग त्यांची नजर फाटकाशी रिक्षात बसलेल्या अप्पासाहेबांवर गेली. त्या हणमंतरावांशी कानडीत हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. हणमंतराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"काय म्हणतात?" उमाकांतांनी विचारलं.

"तब्येत कशी आहे म्हणतात वडलांची."

"ठणठणीत आहे."

"तसं नव्हे वो." हणमंतरावांनी घसा साफ केला. "इकडं एक पद्धत आहे. वाईट नक्षत्रावर माणूस गेलं तर घर सोडावं लागतंय. धनिष्ठापासून रेवतीपर्यंत पाच नक्षत्रं. सहा महिने घराला कुलूप. दाराला बोरीचे काटे लावायचे आणि सगळ्यांनी बाहेर. मालकाचं काय होतंय मग? म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोण घर देत नाही. त्यात त्यांचा राग नाही काय."

पंचक उमाकांतांना ठाऊक होतं. तो आपल्याकडचाच प्रकार. पण नागपूरला तो चितेवर मिटत असे. कणकेचे पाच पुतळे करायचे, माणसाबरोबर जाळायचे, की हिशेब पुरा. घराला कुणी हात लावत नाही. हे मालकीणबाईंना समजावून सांगितलं तर प्रश्न सुटेल असं त्यांना मनापासून वाटलं. धंद्याची सवय होती, गिऱ्हाइकाच्या शंकेला उत्तर तयार पाहिजे. म्हणून त्यांनी पुढे होऊन सांगितलं, "बाईंना म्हणावं काळजी करू नका, पुतळ्यांची कणीक आमची."

हणमंतरावांनी ते भाषांतर करून सांगितलं. बाई उठल्या आणि आत गेल्या. फणसाच्या घराशी असलेला संबंध तिथे संपला.

रिक्षात अप्पासाहेबांनी विचारलं, "का नाही म्हणून राहिली ती?"

"भाडं जास्त आहे," उमाकांत म्हणाले.

इथून पुढे प्रत्येक नकाराचं कारण भाडं झालं. आजवर लोकांच्या दारात जाऊन उमाकांतांनी विचारलं होतं, वडील हयात आहेत का, नसल्यास कशानं गेले, छातीत कधी दुखलं होतं का. लोक चिडायचे, आणि लोकांनी एवढं का चिडावं हे त्यांना कळत नसे. आता ते रोज कुणाच्या तरी ओसरीवर बसत आणि समोरचा अनोळखी माणूस फाटकातल्या त्यांच्या बापाकडे पाहून हाच हिशेब करी. फरक एवढाच की विम्यात निदान शेवटी काही मिळतं.

धंद्यातलाच एक उपाय त्यांनी करून पाहिला. अप्पासाहेबांना एका डॉक्टरकडे नेलं, हवापालटाच्या निमित्तानं तपासणी म्हणून, आणि दाखला घेतला: हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम, वयाच्या मानानं प्रकृती आश्चर्यकारक. हा दाखला घेऊन ते बसवनगुडीच्या एका निवृत्त शिरस्तेदारांकडे गेले. शिरस्तेदारांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"आजारी माणूस असता तर विचार केला असता," हणमंतरावांमार्फत ते म्हणाले. "आजारी माणूस सूचना देऊन जातो. चार दिवस मिळतात, पंचांग बघता येतं, दवाखान्यात हलवता येतं. असा धडधाकट माणूस जेवताजेवता जातो. तो कुठल्या नक्षत्रावर जाईल, कोण सांगणार?"

या युक्तिवादात चूक काढता आली नाही, याचं उमाकांतांना सर्वांत जास्त दुःख झालं.

मग कुणीतरी सुचवलं की सरकारात अर्ज करा. रिकामी घरं सरकार वाटून देतं, आणि सरकार नक्षत्र बघत नाही. ते खरं होतं. सरकारनं नक्षत्र पाहिलं नाही, कुटुंबप्रमुख पाहिला. खिडकीतल्या कारकुनानं सौम्यपणे समजावलं. घर सरकारी नोकराला मिळतं. अर्ज कुटुंबप्रमुखानं करायचा. तुमच्या घरातले कुटुंबप्रमुख सरकारी नोकर नाहीत, आणि सरकारी नोकर कुटुंबप्रमुख नाहीत. दोघं एक झाल्यावर या. उमाकांत म्हणाले की लग्नाला वीस वर्षं झाली. कारकून म्हणाला, ते एक होणं वेगळं.

जयनगरचं घर मात्र जवळजवळ मिळालंच होतं. मालक नागनाथ, बिदरकडचे, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. मराठी चांगलं बोलत. चुन्याचा वास अजून गेला नव्हता, खिडक्यांचा रंग बोटाला लागत होता, आणि समोरचा रस्ता नकाशात होता. नागनाथांनी स्वतः भिंतीवर बुक्की मारून भिंत किती पक्की आहे ते दाखवलं. शारदाबाईंची नोकरी ऐकून ते खूश झाले, बाई माणसाचा पगार वेळेवर येतो म्हणाले. उमाकांतांनी तेवढंही गिळलं.

"वडील आहेत बरोबर," उमाकांत या वेळी आधीच म्हणाले. सरळ सांगून टाकलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं.

नागनाथांनी बुक्की मारलेल्या भिंतीवरून हात फिरवला. मग अतिशय आदरानं म्हणाले, "माझी अडचण नक्षत्राची नाही. मी ते मानत नाही. पण नवीन घर आहे. या घरात पहिलं मरण आईचं व्हावं, असं तिला कबूल केलंय. ती आतल्या खोलीत असते. नव्वदीला आली. तिचा नंबर आधी. ती गेल्यावर या, केव्हाही या, तुम्हाला नाही म्हणणार नाही."

आतल्या खोलीतून खणखणीत आवाजात कुणीतरी ताक मागितलं. उमाकांतांनी त्या आवाजावरून अंदाज बांधला आणि उठले.

त्या दिवशी कॉफी अर्ध्या पेल्यावर आली होती. वसतिगृहानं शारदाबाईंना होळीपर्यंतच राहता येईल म्हणून कळवलं होतं. आणि माणूस अशा वेळी जे करतो ते उमाकांतांनी के. आर. पुरमला केलं.

तिथे देवाप्पा म्हणून एक शेतकरी होता. रुळांपलीकडे त्याचं कौलारू घर होतं. कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर, विहिरीला गोड पाणी, आणि अप्पासाहेबांना दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या दिसल्या असत्या. देवाप्पानं अप्पासाहेबांना पाहिलं, नमस्कार केला, आणि अट घातली. घराशेजारी गोठा होता. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं वाढलं, आणि दिवस वाईट असला, तर खाट गोठ्यात न्यायची. घरात काही व्हायला नको. गोठा स्वच्छ आहे, म्हशी दोनच आहेत.

हणमंतरावांनी हे भाषांतर करून सांगितलं आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

उमाकांतांनी मान हलवली. देवाप्पाला मान पुरली नाही. त्यानं देवळीतल्या मारुतीकडे बोट दाखवलं. उमाकांतांनी चपला काढल्या, मारुतीपुढे हात ठेवला आणि मराठीत शब्द दिला. मागे वळले तर दारात अप्पासाहेब उभे होते. गाडीची वेळ बघायला म्हणून गेले होते, ते परत आले होते.

परतीच्या गाडीत अप्पासाहेबांनी खिडकीबाहेरचे दोन सिग्नल जाऊ दिले. मग म्हणाले, "म्हशी दुभत्या होत्या का?"

"अप्पा, ते नुसतं म्हणायला—"

"नाही, दुभत्या असल्या तर रात्री हलतात. झोप लागत नाही." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे भाडं कुठेच जास्त नव्हतं."

"नाही," उमाकांत म्हणाले.

रविवारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात उमाकांतांनी शारदाबाईंना गोठ्याची हकिगत सांगितली. सांगावी लागली, कारण बाकाच्या दुसऱ्या टोकाला अप्पासाहेब बसले होते आणि त्यांच्यादेखत भाड्याचं कारण आता चालण्यासारखं नव्हतं. कारखान्यात रोज शेकडो टेलिफोन कानाला लावून दोष शोधणाऱ्या बाई त्या, नवऱ्याकडे त्यांनी तसंच पाहिलं. "होळीनंतर राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "तिघं परत जाऊ."

अप्पासाहेब उठले आणि पाय मोकळे करायला म्हणून गल्लीत गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर गळ्यात टेप अडकवलेला एक ठेंगणा माणूस होता.

"हे सुब्बाराव," अप्पासाहेब म्हणाले. "शिंपी. शिलाई मशीनला मराठीत शिव्या घालून राहिले होते, म्हणून आत गेलो. यांच्याकडे घर आहे."

सुब्बारावांचं घराणं बंगळूरला किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांचं मराठी घरातल्या जुन्या भांड्यासारखं होतं, पोचे आलेलं पण कामाचं. ते भयंकर अवघडले होते. "मी तर सांगतोय अण्णांना, ते घर नको. अत्या गेली की आमची, मागच्या आठवड्यात, रेवती नक्षत्रावर. कुलूप लावलंय. काटे लावलेत. सहा महिने कोण राहायचं नाही त्यात."

"म्हणून तर पाहिजे," अप्पासाहेब म्हणाले.

"राहणाऱ्याला त्रास होतो म्हणतात, अण्णा."

"त्याचा विचार नका करू. जे घर वाईट व्हायचं ते होऊन गेलं. माझ्यामुळे त्याला आता आणखी काय होणार? मी कोणत्याही दिवशी गेलो तरी तुमचं नुकसान शून्य. बरोबर?"

सुब्बारावांनी टेपाशी चाळा केला. हिशेब बरोबर होता. "सरी," ते शेवटी म्हणाले. "पण सहा महिनेच हां. श्रावणात काटे काढणार, शांत करणार. मग घर स्वच्छ होतं. मग स्वल्प अवघड आहे."

"सहा महिने पुरेत," अप्पासाहेब म्हणाले. "लाईन क्लिअर आहे."

शारदाबाई हसल्या. बंगळूरला आल्यापासून पहिल्यांदाच. उमाकांत हसले नाहीत. सहा महिने पुरेत याचा अर्थ काय, हे त्यांच्या धंद्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही.

अशा रीतीनं देवपुजारी कुटुंब हलसूरला राहायला गेलं. पुढचं दार काट्यांनी बंद, जाणं-येणं मागच्या बोळातून. पोस्टमन पत्रं कुंपणावरून आत टाकी. दूधवाली भांडं बोळाच्या तोंडाशी ठेवून लांब उभी राही. तुंगाबाई एकदा भेटायला आल्या त्या बोळातच थांबल्या, पण येताना थर्मास भरून कॉफी घेऊन आल्या, आणि कॉफी काठोकाठ होती. उमाकांतांची प्रतिष्ठा म्हणाल तर दाराला काटे लावलेला विमा एजंट भारतात दुसरा नसावा. पण इथे एक विचित्र गोष्ट झाली. पंचकात एक गेला की पाच जातात, ही समजूत गल्लीत पक्की होती. काट्यांच्या घरात माणसं राहायला आलेली पाहून गल्लीला वाटलं, आता उरलेले आपल्यातून जाणार. एकेक जण मागच्या बोळातून येऊ लागला, घाबराघुबरा, आणि विमा उतरवू लागला. एवढा धंदा उमाकांतांनी नागपूरला कधी केला नव्हता. घरी सांगायची त्यांना लाज वाटे.

अप्पासाहेबांचं चांगलं चाललं होतं. बंगळूरची हवा खरोखरच चांगली होती, नागपूरकर तेवढं खरं बोलले होते. सकाळी ते सुब्बारावांच्या दुकानात जाऊन बसत. काज-बटणं करणारा शिंपी आणि निवृत्त गार्ड यांच्यात बोलण्यासारखं काय असतं, कोण जाणे. पण दुपारी सुब्बाराव त्यांना घरापर्यंत पोचवायला येत, काट्यांच्या दारासमोर उभे राहून आणखी थोडं बोलत, आणि मग अप्पासाहेब वळसा घालून बोळातून आत येत. शारदाबाईंची कारखान्याची बस कोपऱ्यावरून सुटे. त्या जाताना अप्पासाहेब खिडकीतून हात दाखवत, हिरवं निशाण दाखवावं तसा सरळ, ताठ. संध्याकाळी बस आली की पुन्हा.

ज्येष्ठ लागला तसं अप्पासाहेबांनी पंचांग विकत आणलं. सुब्बारावांकडे शांतीचा विषय निघाला होता, भटजी ठरवायचे होते. "श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला काटे निघतील," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "शिंपी फार चांगला माणूस आहे. त्याला अडचणीत नाही टाकायचं."

"अप्पा, आपण दुसरं घर बघू," उमाकांत म्हणाले.

"बघ की."

त्याच सुमाराला त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. पचत नाही म्हणाले. मग सकाळच्या भातातला अर्धा भात ताटात राहू लागला. शारदाबाईंनी पेज करून पाहिली, कढी करून पाहिली. "मामंजी, दोन घास." "राहू दे सूनबाई, गाडी जड होते." डॉक्टर आले, हृदय उत्तम म्हणाले. सुब्बाराव ताजे पेढे घेऊन बोळापर्यंत आले. ते अप्पासाहेबांनी गल्लीतल्या पोरांना वाटले. शारदाबाईंनी एकदाच नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "घर बघा. कुठेही. मला बस दोन तासांची झाली तरी चालेल. लवकर बघा."

उमाकांतांनी पुन्हा चपला घातल्या. पुन्हा तीच घरं, तीच फाटकं. या वेळी वडील बरोबर नव्हते, म्हणून लोक जास्त संशय घेत. आषाढी अमावास्येला, गल्लीतल्या बायका कानडी रिवाजाप्रमाणे नवऱ्यांची पूजा करत होत्या त्या सकाळी, त्यांना जयनगरची आठवण झाली. जाऊन पाहावं, एवढाच विचार. नागनाथांच्या दारावर भाड्यानं देण्याचा कागद लावलेला होता आणि नागनाथांनी डोक्याचे केस काढलेले होते.

"आई गेली," नागनाथ म्हणाले. "पंधरवडा होऊन गेला. आतल्याच खोलीत. तिच्या मनासारखं झालं." त्यांनी उमाकांतांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "तुमचे वडील आहेत अजून?"

"आहेत."

"मग या राहायला. आता काही हरकत नाही. माझा शब्द होता."

दुसऱ्याची आई मेल्याचा आनंद उमाकांतांना झाला होता आणि तो लपवायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नागनाथांचे दोन्ही हात धरले. नागनाथांना वाटलं, ते सांत्वन आहे. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. भाड्याचं बोलणं झालं, खोल्या पाहून झाल्या, अप्पासाहेबांची खाट कुठे ठेवायची तेही उमाकांतांनी ठरवलं. पूर्वेकडची खिडकी. रस्ता अजून झाला नव्हता, पण झाल्यावर त्यावरून बस गेली असती.

हलसूरच्या बोळात ते शिरले तेव्हा दुपार कलली होती. मागचं दार उघडं होतं आणि दारात सुब्बारावांच्या चपला होत्या. सहा महिन्यांत सुब्बाराव त्या घरात कधी आले नव्हते. पुढच्या खोलीत, बंद दाराला पाठ लावून, ते जमिनीवर बसले होते. अप्पासाहेब खाटेवर होते, घरात, छपराखाली, रजई छातीपर्यंत. शारदाबाईंना कारखान्यातून बोलावून आणलेलं होतं. त्या अप्पासाहेबांचे पाय सरळ करत होत्या.

"दुकानात बसले होते," सुब्बाराव म्हणाले. "जातो म्हणाले घरी. मी आलो सोडायला. दारापाशी म्हणाले, आज आत चला की सुब्बाराव, किती दिवस बाहेरून बोलायचं. मी नाही म्हणायचो नेहमी. आज आलो."

जयनगरचं घर मिळालं, हे उमाकांतांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

हणमंतराव आले, माणसं जमवली, कणकेचा प्रश्न त्यांनीच काढला. नक्षत्र कुठलं आहे ते पाहून घेऊ का, पुतळे करायचे असले तर. "बघू नका," सुब्बाराव म्हणाले. "या घराला काय करायचंय नक्षत्र. अण्णा म्हणायचे ना, नुकसान शून्य." म्हणून कुणी पाहिलं नाही. अप्पासाहेबांना पुढच्या दारानं न्यायचं होतं, तर त्यासाठी सुब्बारावांनी हातानं बोरीची फांदी बाजूला केली, आणि ते गेल्यावर परत लावली. हातातले काटे त्यांनी नंतर दुकानाच्या पायरीवर बसून सुईनं काढले.

दिवस होईपर्यंत नागपंचमी होऊन गेली. भटजी येऊन शांत झाली, फांदी कायमची निघाली, पुढचं दार उघडलं. सुब्बाराव संध्याकाळी नवीन किल्ली घेऊन आले. त्यांनी ती शारदाबाईंच्या हातात दिली. पुढे बोलताना त्यांच्या मनात खरोखर मायाच होती.

"आता कुठे जाऊ नका, अक्का. आता तुमच्या घरात म्हातारं माणूस नाही. किती वर्षं पण राहा."

शारदाबाईंनी किल्ली घेतली. दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या दारानं बाहेर पडून बसला गेल्या. खिडकीकडे त्यांनी वळून पाहिलं, ते सवयीनं.

मासिक श्राद्धाची तिथी बघायला म्हणून उमाकांतांनी अप्पासाहेबांचं पंचांग काढलं. मोजायला सुरुवात करण्यासाठी आषाढाचं पान उघडलं आणि अमावास्येच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढे सरकलं. त्या दिवशी पुष्य नक्षत्र होतं, दुपार उलटून बराच वेळपर्यंत. सोनं घ्यायला, दुकान उघडायला लोक ज्याची वाट पाहतात ते पुष्य. त्याला कसला दोष नाही, कसली शांत नाही. मल्लेश्वरमच्या बाईंनी फणसाखाली खुर्ची टाकून दिली असती. शिरस्तेदारांची काही तक्रार नसती. देवाप्पाला खाट हलवावी लागली नसती. नागपूरला तेलाच्या डब्यांतही चाललं असतं.

त्या दिवशी अप्पासाहेब बंगळूरमधल्या कुठल्याही घरात मेले असते, तरी चालणार होतं.